आतून लागलेली कडी आणि बाहेरून लावलेले कुलूप: पोलिसांनी दार उघडण्याचे एक प्रकरण

पुढील प्रसंग अभ्यासासाठी रचलेला आहे. त्यातील माणसे, इमारत आणि पोलीस ठाणे प्रत्यक्षातील नाहीत. कायद्याची कलमे, न्यायालयांचे निकाल आणि कामाची रीत मात्र आज लागू असलेलीच आहे. एकाच घरात, एकाच सकाळी, पोलिसांसमोर दोन बंद दारे आली. पहिले दार तोडणे त्यांचे कर्तव्य होते. दुसऱ्या दाराला हात लावण्याचा अधिकार त्यांना त्या क्षणी नव्हता. दोन्ही दारांमध्ये जेमतेम पंधरा फुटांचे अंतर होते, आणि या पंधरा फुटांत कायदा कसा बदलतो हे समजून घेणे हाच या लेखनाचा हेतू आहे.

घटना

नागपुरातील मनीषनगर भागात, चार मजली आणि लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहत होत्या. त्यांची मुलगी पुण्याला असते आणि रोज सकाळी सात वाजता आईला फोन करते. संक्रांतीला दोन दिवस उरले असताना, कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी, आईने फोन उचलला नाही. मुलीने साडेआठपर्यंत सात-आठ वेळा प्रयत्न केला आणि नंतर समोरच्या घरी राहणाऱ्या काकूंना फोन लावला. काकूंनी बेल वाजवली, हाका मारल्या. दुधाची पिशवी दाराच्या मुठीला तशीच लटकलेली होती, वर्तमानपत्र जाळीच्या दारात अडकवलेले होते, आणि मुलीने पुन्हा फोन लावला तेव्हा त्याची रिंग आतून स्पष्ट ऐकू आली.

काकूंकडे शेजारधर्म म्हणून एक जादा किल्ली ठेवलेली होती. त्या किल्लीने जाळीचे दार उघडले, लाकडी दाराचे लॅचही फिरले, परंतु दार हलले नाही, कारण आतून वरची कडी लावलेली होती. मागच्या डक्टकडील खिडकीतून पाहिल्यावर बाथरूमच्या झडपेतून दिव्याचा उजेड दिसत होता. आठ पन्नासला काकूंनी ११२ वर फोन केला. नऊ वाजून दहा मिनिटांनी एक सहायक उपनिरीक्षक आणि एक पोलीस अंमलदार तेथे पोहोचले.

पुढची पंचवीस मिनिटे चर्चेत गेली. इमारतीचे सचिव म्हणत होते की मुलीने लेखी परवानगी दिल्याशिवाय दार तोडू नये; एक रहिवासी अग्निशमन दलाची वाट पाहण्याचा आग्रह धरत होते; अंमलदाराला वाटत होते की न्यायालयाच्या वॉरंटशिवाय घरात शिरणे म्हणजे आपल्याच अंगाशी येणे. सहायक उपनिरीक्षकांनी दोनदा मोठ्याने सांगितले, ‘‘बाई, आम्ही पोलीस आहोत. तुमची मुलगी काळजीत आहे. दार उघडा, नाहीतर आम्हाला ते तोडावे लागेल.’’ उत्तर आले नाही. शेवटी दुसऱ्या मजल्यावर फर्निचरचे काम करत असलेल्या सुताराला पहार घेऊन वर बोलावण्यात आले आणि नऊ पस्तीसला कडीचा कोयंडा चौकटीतून उचकटला गेला.

आत कोणी दिसले नाही. बाथरूमचे दार आतून बंद होते आणि बाहेरच्या बाजूला गॅस गीझरचा सिलिंडर ठेवलेला होता. सहायक उपनिरीक्षकांनी आधी रेग्युलेटर बंद करायला लावला, हॉलच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडायला सांगितल्या, विजेच्या बटनांना कोणी हात लावू नये अशी ताकीद दिली, आणि महिला अंमलदार अद्याप वाटेत असल्याने काकूंना सोबत घेऊन बाथरूमचे प्लॅस्टिकचे दार लाथेने उघडले. बाई जमिनीवर बेशुद्ध पडलेल्या होत्या, डोक्याला खोक पडलेली होती, श्वास चालू होता. काकूंनी त्यांच्या अंगावर चादर टाकली. त्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणण्यात आले आणि १०८ च्या रुग्णवाहिकेने मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेण्यात आले. डॉक्टरांनी कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचा संशय नोंदवला. बाई वाचल्या.

येथे थोडे थांबून सांगावेसे वाटते की सहायक उपनिरीक्षकांची ही दोन मिनिटे अतिशय मोलाची होती. स्वयंपाकाच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. परंतु बंद बाथरूममध्ये पुरेशी हवा नसताना तो गॅस जळला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. आत धावत शिरणारा माणूस स्वतःच खाली कोसळू शकतो. दार तोडण्याचा अधिकार असणे वेगळे आणि दार तोडल्यावर पहिल्या क्षणी काय करायचे हे ठाऊक असणे वेगळे. ही दुसरी गोष्ट नागपूरच्या हिवाळ्यात, जिथे घरोघरी असे गीझर लावलेले आहेत, प्रत्येक बीट अंमलदाराला शिकवलेली असायला हवी.

पहिले दार: अधिकार कोठून आला?

पोलिसांना दार तोडण्याची मुभा देणारे सर्वांच्या परिचयाचे कलम म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४४. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी हीच तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४७ म्हणून होती. ज्याला अटक करायची आहे ती व्यक्ती एखाद्या जागेत शिरली आहे असे मानण्यास कारण असेल, तर त्या जागेचा ताबेदार पोलिसांना आत येऊ देण्यास बांधील असतो. त्याने आत येऊ दिले नाही, तर पोलिसाने आपला अधिकार आणि येण्याचे कारण सांगावे, प्रवेशाची रीतसर मागणी करावी, आणि तरीही वाट मिळाली नाही तर बाहेरचे किंवा आतले कोणतेही दार वा खिडकी फोडून आत जावे, असा त्या कलमाचा आशय आहे. खोलीत जर अटक करायची नसलेली, प्रथेनुसार लोकांसमोर न येणारी स्त्री असेल, तर तिला बाहेर पडण्याची सूचना आणि सोय देणे बंधनकारक आहे. आत शिरलेल्या पोलिसाला कोणी कोंडून ठेवले, तर बाहेर पडण्यासाठी दार फोडण्याची मुभाही याच कलमात आहे.

परंतु मनीषनगरच्या त्या घरात कोणाला अटक करायची नव्हती. झडतीचे वॉरंट असेल तर बंद जागेत शिरण्याची वाट कलम १०३ देते, तेही येथे लागू नव्हते. कोणाला बेकायदा डांबून ठेवल्याचा संशय असेल तर दंडाधिकारी कलम १०० खाली शोधाचे वॉरंट काढतात, तशी तक्रारही नव्हती. केवळ एखाद्याचा जीव वाचवण्यासाठी पोलिसांनी दार तोडावे असे सरळ शब्दांत सांगणारे कलम या संहितेत नाही. ही उणीव मला गंभीर वाटते. नवी संहिता लिहिली जात असताना ती भरून काढण्याची संधी होती आणि ती गेली. इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याच्या कलम १७ मध्ये जीव किंवा अवयव वाचवण्यासाठी वॉरंटशिवाय आत शिरण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे, आणि तेथील उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हेही सांगितले आहे की एखाद्याच्या ‘भल्याची काळजी वाटते’ एवढे म्हणणे त्यासाठी पुरेसे नाही. गंभीर इजेची शक्यता दाखवणारे काहीतरी ठोस समोर असले पाहिजे.

आपल्याकडे मग आधार कोणता? तो भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा सांगणाऱ्या दुसऱ्या संहितेत, थोडा आडवाटेने, सापडतो. तिचे कलम ३० सांगते की ज्याच्या हितासाठी एखादी कृती सद्भावनेने केली जाते, त्याची संमती मिळणे परिस्थितीमुळे अशक्य असेल, आणि त्याच्या वतीने वेळेत संमती देऊ शकेल असा पालक किंवा कायदेशीर ताबा असलेली दुसरी व्यक्तीही नसेल, तर त्या कृतीतून झालेली हानी हा गुन्हा ठरत नाही. कलम १९ आणखी व्यापक आहे: मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूशिवाय आणि सद्भावनेने केलेली लहान हानी गुन्हा नव्हे. त्या कलमाखाली दिलेले उदाहरणच घराचे आहे: मोठी आग पसरू नये म्हणून एखादा माणूस घरे पाडतो. जीव वाचवण्यासाठी घर पाडणे जिथे कायद्याला मान्य आहे, तिथे एक कोयंडा उचकटणे अमान्य असू शकत नाही. शिवाय गुन्हेगारी अतिक्रमणाच्या व्याख्येतच गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो, आणि तो येथे कोणाच्या मनात नव्हता.

म्हणजे सचिवांचा आग्रह चुकीचा होता. मुलगी त्या घरात राहत नव्हती, घर तिच्या नावावर नव्हते, आई सज्ञान होती. मुलीची ‘परवानगी’ हा अधिकाराचा उगम नव्हताच. तिचा फोन महत्त्वाचा होता तो पुरावा म्हणून: रोज सात वाजता उचलला जाणारा फोन आज उचलला गेला नाही, हे सांगणारी ती एकमेव व्यक्ती होती. अंमलदाराची भीतीही चुकीची होती, कारण त्याला ठाऊक असलेला वॉरंटचा नियम पुराव्याच्या शोधासाठी आहे, जीव धोक्यात असलेल्या माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. अग्निशमन दलाला कळवणे योग्यच होते, त्यांच्याकडे दार कमी नुकसानीत उघडण्याची साधने असतात. परंतु त्यांची वाट पाहत हातावर हात धरून बसणे योग्य नव्हते.

या साऱ्या गोष्टींत मला सर्वांत वजनदार वाटते ती कडी. किल्ली फिरली आणि तरी दार उघडले नाही, याचा अर्थ माणूस आत आहे आणि तो एकतर उघडू शकत नाही किंवा उघडू इच्छित नाही. फोनची रिंग, दुधाची पिशवी, बाथरूममधला उजेड, वय आणि एकटेपणा हे सगळे त्या कडीभोवती जुळले की ‘उघडू इच्छित नाही’ ही शक्यता जवळजवळ संपते. पोलिसाने दार तोडण्यापूर्वी हेच चार-पाच मुद्दे वायरलेसवर नियंत्रण कक्षाला सांगितले असते, तर त्याच्या कृतीचे समर्थन त्याच क्षणी नोंदले गेले असते. या प्रकरणात तसे झाले नाही. स्टेशन डायरीत दुपारी जी नोंद झाली, ती ‘दार तोडून आत प्रवेश केला, वृद्ध महिला बेशुद्ध मिळून आली’ एवढीच होती. वाचणाऱ्याला वाटावे की बाई सापडल्या म्हणून दार तोडणे बरोबर ठरले. न्यायालय मात्र उलट बाजूने पाहते. बाई त्या दिवशी पहाटेच गावाला गेल्या असत्या आणि आत कोणी सापडले नसते, तरीही दार तोडण्याच्या क्षणी पोलिसाला जे ठाऊक होते त्यावरूनच त्याच्या सद्भावनेची परीक्षा झाली असती.

घर हे माणसाचे आश्रयस्थान आहे आणि राज्यसत्तेलाही तेथे दार वाजवूनच यावे लागते, हा विचार जुना आहे. १६०४ च्या एका इंग्लिश खटल्यात तो मांडला गेला, आणि १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेत, पाळतीवरच्या माणसाच्या घरी रात्री पोलिसांनी जाण्याचा उत्तर प्रदेशातील नियम रद्द केला. सहायक उपनिरीक्षकांनी दोनदा आवाज देऊन ओळख आणि कारण सांगितले ते याच परंपरेतले होते. अटकेचे कलम लागू नसतानाही त्यांनी त्या कलमातली रीत पाळली, आणि तेच योग्य होते. आत बहिरा, घाबरलेला किंवा झोपेच्या गोळीने गुंगलेला माणूस असू शकतो. अनोळखी हात दार फोडत आहेत असे वाटून तो स्वतःला इजा करून घेऊ शकतो.

बाई मृतावस्थेत सापडल्या असत्या तर वाट वेगळी झाली असती: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची चौकशी, मृतदेहाचा पंचनामा, आणि तोपर्यंत कशालाही हात न लावता घर राखणे.

दुसरे दार

रुग्णवाहिका निघाल्यावर एक प्रश्न उरला: आत आणखी कोणी बेशुद्ध आहे का? हा प्रश्न रास्त होता. घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती आणि तिला बाहेरून कुलूप होते. अंमलदाराने स्टुलावर चढून वरच्या काचेच्या झडपेतून आत पाहिले. माणूस नव्हता. पुठ्ठ्याची खोकी होती, आणि उघड्या खोक्यांत चमकदार धाग्याच्या चक्र्या रचून ठेवलेल्या होत्या. हॉलमधल्या टीपॉयवरही तशाच दोन चक्र्या पडलेल्या होत्या. तो नायलॉन मांजा होता. काकूंनी सांगितले की बाईंच्या भाच्याने दोन महिन्यांपूर्वी दुकानाचा माल ठेवायला म्हणून ती खोली घेतली होती आणि किल्ली त्याच्याचकडे असते.

संक्रांतीच्या तोंडावर नागपुरात नायलॉन मांजा म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे त्याने कापले आहेत, लहान मुलांचे जीव घेतले आहेत, झाडांवर अडकून महिनोन्‌महिने पक्षी मारले आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतलेली आहे. म्हणून अंमलदाराने त्याच पहारीने कुलूप तोडू द्या असे म्हटले, तेव्हा त्याच्या मनात वाईट हेतू नव्हता. सहायक उपनिरीक्षकांनी नकार दिला. या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत चांगला निर्णय तो होता.

कारण असे. पोलीस त्या घरात कायदेशीर होते ते केवळ एका कामासाठी, आणि ते काम होते माणूस शोधून वाचवणे. झडपेतून डोकावणे त्या कामाचा भाग होता, कारण गॅसने भरलेल्या घरात दुसरा माणूस पडलेला असू शकत होता. डोकावून आत कोणी नाही हे दिसले, त्या क्षणी ते काम संपले आणि त्याबरोबर दार तोडण्याचा अधिकारही संपला. डोळ्यांना जे दिसले ते मात्र विसरण्याचे बंधन पोलिसावर नाही. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ सांगते की ज्या परिस्थितीत वस्तू सापडली तिच्यावरून गुन्ह्याचा संशय येत असेल, तर पोलीस ती जप्त करू शकतो. त्यामुळे टीपॉयवरच्या दोन चक्र्या पंचांसमोर ताब्यात घेणे कायदेशीर होते, आणि तसेच करण्यात आले. परंतु कलम १०६ वस्तू उचलण्याचा अधिकार देते, कुलूप तोडण्याचा देत नाही. उघड्यावर पडलेली चक्री आणि कुलपामागची चक्री यांत मालाच्या दृष्टीने फरक नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र मधले कुलूप हाच सगळा फरक आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०२१ मध्ये आलेले एक प्रकरण याच्याशी बरेच जुळते. ऱ्होड आयलंड राज्यात एका पत्नीने नवऱ्याच्या काळजीपोटी पोलिसांना बोलावले. नवरा तपासणीसाठी रुग्णालयात गेला, आणि त्यानंतर पोलिसांनी वॉरंटशिवाय घरात शिरून त्याच्या बंदुका नेल्या. न्यायालयाने एकमताने सांगितले की लोकांची काळजी घेण्याचे पोलिसांचे काम म्हणजे घरात शिरण्याचा सर्वसाधारण परवाना नव्हे. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण त्यामागची भीती आपलीही आहे. मदतीसाठी बोलावलेला पोलीस झडती घेऊन जातो असे एकदा लोकांना वाटू लागले, तर पुढच्या वेळी काकू ११२ वर फोन करण्याआधी दहादा विचार करतील, आणि तो उशीर कुठल्यातरी बाथरूममध्ये पडलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल.

सहायक उपनिरीक्षकांनी ठाण्याला कळवले, दारावर अंमलदार उभा केला आणि खोलीचे कुलूप जसेच्या तसे ठेवले. ठाण्यात नायलॉन मांजावरील मनाई आदेशाच्या भंगाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवण्यात आला. या कलमाखाली न्यायालयाला दखल घेण्यासाठी संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, हे तपास अधिकाऱ्याने त्याच दिवशी लक्षात घेतले ते बरे झाले. अनेक प्रकरणे या एका कागदावाचून पडतात. दुपारी साडेबाराला उपनिरीक्षक आले, भाच्याला बोलावण्यात आले, त्याला गुन्हा आणि झडतीचे कारण सांगून खोली उघडण्याची मागणी करण्यात आली. त्याने किल्ली हरवल्याचे सांगितले.

येथे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८५ आले. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला एखाद्या ठिकाणी आवश्यक वस्तू मिळेल असे मानण्यास रास्त कारण असेल आणि ती अवाजवी विलंबाशिवाय दुसऱ्या मार्गाने मिळणार नसेल, तर तो आपल्या समजुतीची कारणे लेखी नोंदवून वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. बंद जागेबाबत कलम १०३ त्याला पुन्हा कलम ४४ च्या रीतीकडे, म्हणजे मागणी आणि नकारानंतर दार फोडण्याकडे नेते. उपनिरीक्षकांनी कारण लिहिले: ‘माल हलवला जाण्याची शक्यता.’

हे कारण मला पटत नाही. खोलीला एकच दार होते, खिडकीला गज होते, दारावर पोलीस उभा होता आणि संशयित समोर हजर होता. माल कोण हलवणार होते? सिव्हिल लाइन्समधील न्यायालय त्याच शहरात होते, दिवस कामकाजाचा होता. कलम ९६ खाली वॉरंट मागितले असते तर दोन-तीन तास गेले असते, आणि त्या तासांत कोणाचे काही बिघडले नसते. कलम १८५ हे घाईच्या प्रसंगासाठी आहे. पहारा बसवून घाई संपवल्यावर तेच कलम वापरणे म्हणजे दंडाधिकाऱ्यांना टाळणे आहे. पोलिसांचा यावरचा अनुभवसिद्ध युक्तिवाद मला ठाऊक आहे: झडतीत दोष असला तरी सापडलेला पुरावा आपल्याकडे आपोआप बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या पूरणमल निकालात सांगितले आहे. ते खरे आहे. पण पुरावा टिकतो म्हणून रीत सोडायची, हा त्या निकालाचा अर्थ कधीच नव्हता, आणि अशा विचाराने ठाण्याठाण्यांत जी सवय रुजली आहे तिची किंमत निरपराध घरांनी मोजली आहे. अधिकार नसताना किंवा रास्त कारणाशिवाय घरात शिरणाऱ्या पोलिसासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ मध्ये शिक्षा सांगितलेली आहे, हेही येथे आठवावे.

झडतीची पुढची अंमलबजावणी मात्र नेटकी झाली. कुलूप तोडण्याऐवजी चावीवाल्याला बोलावून ते उघडण्यात आले. कलम १०३ परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला मागते. ठाण्याच्या बाहेर कायम उभे असणारे ओळखीचे पंच न आणता शेजारच्या इमारतीतील एक निवृत्त कर्मचारी आणि गल्लीतील एक किराणा दुकानदार यांना लेखी सूचना देऊन बोलावण्यात आले. भाच्याला झडतीच्या वेळी हजर ठेवण्यात आले आणि जप्तीच्या यादीची प्रत त्याला तेथेच देण्यात आली. कलम १०५ नुसार झडती, यादी आणि सह्या यांचे चित्रीकरण ई-साक्ष्य ॲपवर करण्यात आले आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले. कलम १८५ खालच्या कारणांची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोहोचवण्याची नवी मुदतही पाळली गेली.

पाटल्या

तिसऱ्या दिवशी मुलगी ठाण्यात आली. आईच्या हातात नेहमी असणाऱ्या सोन्याच्या दोन पाटल्या दिसत नव्हत्या, आणि दार तोडल्यावर घरात कोण कोण शिरले हे तिला हवे होते. ठाण्याकडे उत्तर नव्हते. पहिले दार तोडण्याचे चित्रीकरण कोणी केलेच नव्हते; ही झडती नव्हती, त्यामुळे कलम १०५ चे बंधन लागू नाही, असे अंमलदाराचे म्हणणे होते. शब्दशः ते बरोबर होते. पण दार उचकटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सचिव, सुतार, तीन-चार रहिवासी आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारा एक तरुण आत येऊन गेले होते. बेशुद्ध बाईचे चित्रीकरण त्या तरुणाने इमारतीच्या गटावर टाकले होते, ही गोष्ट मुलीला पाटल्यांपेक्षाही जास्त लागली, आणि ते स्वाभाविक होते.

पाटल्या रुग्णालयातच होत्या. तातडीच्या कक्षात सलाईन लावताना परिचारिकेने त्या काढून, नोंद करून, कपाटात ठेवल्या होत्या. दोन दिवस या माणसांवर संशय राहिला, आणि तो टाळता आला असता. माझ्या मते जीव वाचवण्यासाठी तोडलेल्या दारालाही झडतीचीच शिस्त लावावी: पहार लागण्याआधी मोबाइल चालू करावा, आत फक्त आवश्यक तेवढेच लोक घ्यावेत, आजारी व्यक्तीच्या चेहऱ्याकडे आणि देहाकडे कॅमेरा न वळवता खोल्यांची स्थिती टिपावी, अंगावरचे दागिने दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावेत, दाराचे नुकसान नेमके किती झाले ते नोंदवावे. कायदा हे मागत नाही म्हणून ते करू नये, असे कायदा कुठेही म्हणत नाही.

एक काम त्या दिवशी ठाण्याने न सांगता केले होते. झडती संपल्यावर सहायक उपनिरीक्षकांनी त्याच सुताराला पुन्हा वर बोलावले, कोयंडा नव्या स्क्रूंनी चौकटीत बसवून घेतला, नवे कुलूप लावले, ते काकूंसमोर कापडाने बांधून त्यावर लाखेची मोहोर केली आणि किल्ली ठाण्यात जमा करून तिची पावती लिहिली. संध्याकाळी पुण्याहून आलेल्या मुलीला ती किल्ली सहीनिशी देण्यात आली, आणि सुताराचे पैसे कोणी दिले याची नोंद कोठेही नाही.